टायरवरून फिरणारा हात

आबा गाडीकडे बघायचेच नाहीत. गाडी दुकानापुढे थांबली, की चाकाशी उकिडवे बसायचे, तोंड रस्त्याकडे करायचे आणि टायरवरून तळहात फिरवायचे. एकदा आतून बाहेर, एकदा बाहेरून आत. मग मालकाने काही विचारायच्या आत सांगून मोकळे व्हायचे, "डावं टायर आतल्या कडेला खातंय." बारामती-इंदापूर रस्त्यावर चाकांची अलाइनमेंट करून देण्याचं त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. आम्ही सगळे त्यांना अलाइनमेंट आबा म्हणायचो. खरं नाव मी आठ वर्षांत कधी विचारलं नाही, आणि आता विचारायची लाज वाटते.

माझी शेळगावला भाजीच्या रोपांची रोपवाटिका आहे. नवऱ्याने हौसेने सात सीटची मोठी गाडी घेतली आणि मी मागच्या सीटा पाडून तिच्यात टोमॅटो-मिरचीच्या रोपांचे ट्रे भरायला लागले, तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता. वर्षाच्या आत पुढच्या टायरची आतली कड गुळगुळीत झाली. एका चकचकीत दुकानात कॉम्प्युटरवर सगळं हिरवं दाखवलं आणि टायर मात्र झिजतच राहिलं. मी आबांकडे गेले ती भांडायच्या तयारीनेच, जणू गाडी त्यांनीच बिघडवली होती.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गाडीत कोण कुठं बसतं?" मला वाटलं, म्हातारा चौकशा करतोय. पण मी सांगत गेले तशी ते गाडीत वाळूची पोती ठेवत गेले. ट्रेंच्या जागी चार, डाव्या खिडकीपाशी दोन. "ह्या तुमच्या सासूबाई," म्हणाले. "रिकाम्या गाडीची अलाइनमेंट म्हंजी उपाशी माणसाचं माप घिऊन सदरा शिवायचा." मी घरी येऊन हसत हसत ही हकिकत सांगितली. आपल्यासाठी दोन पोती लागली हे ऐकून सासूबाई आठवडाभर गाडीत बसल्या नाहीत. पण त्या दिवसापासून टायर सरळ झिजायला लागलं, हेही खरं.

आबा वही ठेवत नसत, कुणाचा फोन नंबर घेत नसत. "गाडी वडायला लागली की येतोय की मानूस आपल्या पायानं," म्हणायचे. मला मात्र त्यांनी शिकवलं. माझा हात धरून टायरवर ठेवला. "जाताना गुळगुळीत लागलं आन् येताना खरखरीत, तर समजायचं चाक पळत न्हाय, फरपटतंय." तेव्हापासून त्यांचा हात फिरून झाला, की मीही माझा फिरवायचे. ते गालात हसायचे.

गेल्या उन्हाळ्यात गाडी डावीकडे ओढायला लागली म्हणून मी गेले. आबांनी हात फिरवला. "काय न्हाय. टायर चांगलं हाय," म्हणाले आणि उठले. सवयीने मी हात घातला, तर रबर करवतीसारखं लागलं, आणि आतल्या कडेला टायरच्या पोटातली तार बाहेर आलेली, कधीही फुटेल असं. मी आबांकडे बघितलं. ते पाऊस कसा होईल याबद्दल बोलत होते, आणि त्यांच्या बोटातून रक्त गळत होतं.

"आबा, रगत," मी म्हणाले.

त्यांनी बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. फडकं गुंडाळलं. मग सांगितलं, दिवाळीपासून बोटांना लागणं हळूहळू कमी होत गेलं होतं. साखरेने नसा गेल्या होत्या, आधी पायाच्या, मग हाताच्या. "डॉक्टर म्हणला, गेलेलं परत येत न्हाय," ते म्हणाले. "मला वाटलं, टायरापुरतं तरी ऱ्हाईल."

मग एकदम खालीच बसले. "ताई, सकाळी एका पांढऱ्या गाडीला मी असाच हात फिरवून जा म्हणलोय. तुमच्यासारखीच मोठी हाय. मागं दोन बारकी पोरं व्हती."

"कुणाची गाडी?"

"वळख न्हाय. इंदापूरकडं गेली."

आम्ही स्टेपनी चढवली आणि निघालो. आबा शेजारी बसून समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे बघत होते. इंदापूरला हायवे लागला. डावीकडे पुणं, उजवीकडे सोलापूर, आणि दोन्हीकडे पांढऱ्या गाड्या धावत होत्या. मी ब्लिंकर लावला, बंद केला, पुन्हा लावला. मागचे हॉर्न वाजवत होते. "फिरवा गाडी," आबा म्हणाले. मी गाडी वळवली. मला रडू येत होतं, आणि ते कुणासाठी हे मला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून दुकान बंद झालं. मी पुढे महिनाभर रोज पेपरात अपघाताच्या बातम्या वाचल्या. तसं काही आलं नाही. पण आलं नाही म्हणजे झालं नाही, असं थोडंच असतं. रस्त्याने जाताना पांढरी मोठी गाडी दिसली, की माझे डोळे तिच्या डाव्या चाकाकडे जात. धावत्या चाकाचं काय दिसणार?

आबा वरकुट्याला घरीच असतात. अंगणात खाटेवर बसतात, दोन्ही हात मांडीवर पालथे. मी गेले, की चहाच्या आधी विचारतात, "दिसली का ओ कुठं?" चार वेळा मी नाही म्हणाले. चौथ्या वेळी त्यांचं तोंड बघवेना. पाचव्या वेळी खोटं बोलायचं ठरवूनच गेले. म्हणाले, "दिसली, आबा. बावड्याच्या बाजारात. पोरं खात हुती कायतरी. समदी ठीक हायती."

आबांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर जरा उजेड आल्यासारखं मला वाटलं.

"आन् टायर?"

"नवं हाय."

"हात लावून बगितलं का, ताई?"