उभ्या ट्रॉलीची टेस्ट

आमच्या टेस्टच्या गाडीत महिनाभर बसा, किस्से सांगता सांगता तोंड दुखेल. गाडीच्या नाकात रडार, काचेमागं कॅमेरा. समोर काय आहे ते कॅमेरा ओळखणार, किती लांब ते रडार सांगणार, आणि दोघांचं जुळलं की गाडी आपणहून ब्रेक मारणार. जुळवायचं काम माझं, गाडी चालवायचं कडुबामामांचं. मी फुलंब्रीची, मामा पिशोरचे. माझं डोकं पटकन तापतं, त्यांचं कधीच नाही.

*

एका चौकात कॅमेऱ्यानं अकरा माणसं दाखवली. रडार गप्प. बघते तर वाढदिवसाचा फ्लेक्स!

"रडारचंच खरं हाय मॅडम," मामा म्हणाले. "यातलं एकबी माणूस कधी रस्त्यावर दिसत नाय!"

*

डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन एक बाई चालली होती. कॅमेरा म्हणे झुडूप, रडार म्हणे चालतंय. मी चूक शोधत बसले. मामांनी काच खाली केली.

"मावशी, आमचं मशीन तुम्हाला झुडूप म्हणतंय!"

भाऱ्याखालून आवाज आला, "घरी तरी कोण माणसात धरतंय!"

*

कन्नडच्या रस्त्यावर एका बाभळीपाशी मामा दर फेरीला ब्रेक मारायचे. एकदा मी भडकलेच. "मामा, रस्ता मोकळा आहे! सगळा डेटा नासवला!"

"व्हय मॅडम. चुकलं."

जेवणाच्या सुट्टीत एका सहकाऱ्यानं मला बाजूला घेतलं. बारा वर्षांपूर्वी तिथंच, धुक्यात, मामांचा धाकटा भाऊ मोटारसायकलवरून उसाच्या उभ्या ट्रॉलीवर आदळला होता. ट्रॉलीला मागं रेडियमची पट्टीसुद्धा नव्हती. भाऊ जागीच गेला.

लई लाज वाटली मला.

*

रडारला दिसलेली उभी वस्तू आम्ही कचरा म्हणून टाकून द्यायचो. नाहीतर गाडी रस्त्याकडेच्या प्रत्येक पाटीला थांबेल! मामांनी एकदा शांतपणे विचारलं, "मॅडम, धुक्यात कॅमेऱ्याला ट्रॉली दिसायची नाय. रडारला दिसली तर ती तुम्ही फेकून देणार. मग थांबवणार कोण?"

पुढचे चार महिने मी एकच काम केलं: कॅमेरा आंधळा असला तरी एकट्या रडारला पाटी कोणती आणि रस्त्यातली ट्रॉली कोणती ते कळावं.

*

हिवाळ्यात वापरात नसलेल्या जुन्या रस्त्यावर आम्ही उसानं भरलेली ट्रॉली उभी केली. सकाळी धुकं असं, की बोनेट दिसेना.

"मामा, पाय ब्रेकवर ठेवा हं!"

"नाय मॅडम. आज नाय." त्यांनी पाय मागं घेतला.

कॅमेऱ्याला काहीच दिसत नव्हतं. रडारवर एकच ठिपका, जागचा न हलणारा. मी सीट घट्ट धरली. गाडीनं करकचून ब्रेक मारला आणि धुक्यातून उसाचे शेंडे काचेसमोर आले. ट्रॉली हातभर अंतरावर होती.

मामा उतरले. ट्रॉलीवर हात ठेवला. मग येऊन, दर फेरीनंतर भरायचा फॉर्म त्यांनी मागून घेतला. समोर काय होतं? 'ट्रॉली.' ब्रेक लागला का? 'व्हय.' शेवटचा रकाना होता, ब्रेक लागायला किती उशीर झाला?

मामांनी लिहिलं, 'बारा वर्षं.'