सळईकाकींचा चहा

यवतमध्ये कुणाच्याही नव्या स्लॅबखालचे टेकू निघायचे असले की माझ्या सळईकाकी हजर. एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात गंजलेली, वाकडी सळई. "ठेकेदार, आधी स्लॅबखाली उभं ऱ्हावा, च्या प्या. मग तिथनं न हलता टेकू काढून घ्या," असा त्यांचा हुकूम. गवंडी हसायचे, ठेकेदार मात्र निमूट कप घ्यायचे. काकींच्या तोंडाला कोण लागणार!

ती सळई त्यांच्याच पडवीची. पडवी बांधणाऱ्या ठेकेदारानं भरदुपारी टेकू काढले आणि नवाकोरा स्लॅब काकांच्या अंगावर आला; काका जागीच गेले. त्यांना ओढून काढलं तेव्हा फुटक्या काँक्रीटमधून सळया दिसत होत्या. करंगळीहून बारीक, हात हात अंतरावर. ठेकेदार म्हणाला, "चूक झाली, काकी. सळई किती लागती, अंदाजच आला न्हाई. मी कुठं इंजिनेर हाय?" गावानं ते मानलं. आम्ही नाही. त्या मेल्याचं तळपट होवो, असं मी रोज देवापुढं म्हणायचो आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

काकी शिव्या देत नसत. "शिवी वाऱ्यावर जाती. त्याला मी च्या पाजणार हाय," एवढंच म्हणायच्या. त्याच्यासाठी कानतुटका कप त्यांनी वेगळा ठेवला होता.

पुढं त्यानं केडगावला स्वतःचा बंगला काढला. टेकू निघायच्या दिवशी भावकी आणि गिऱ्हाईकं जेवायला बोलावली. काकी मला घेऊन बिनबोलावता गेल्या आणि सगळ्यांदेखत तोच कानतुटका कप पुढं केला. गड्याला चेव चढला. पोर्चखाली उभा राहून त्यानं फुर्र फुर्र चहा ओढला. टेकू निघाले, स्लॅब हलला नाही.

"बघा काकी! जाड सळई, वितीवितीवर टाकलीया. हत्ती नाचवा वर!"

काकींनी वाकडी सळई त्याच्या पायाशी टाकली.

"म्हंजी तुला येत हुतं की रं."

गिऱ्हाईकं हात धुवून उठली. त्यानंतर त्याला कुणी साधा गोठाही बांधायला दिला नाही. बरं झालं!

काकी गेल्या वर्षी गेल्या. परवा तो काठी टेकत आमच्या दारात आला. "आता तरी इसरा, पावणं," म्हणाला.

मी कानतुटका कप काढला. "बसा की, च्या ठेवतो."

तो उंबऱ्यावरूनच मागं फिरला.