कबरीवरच्या लोंब्या

नवान्नाच्या आदल्या दिवशी आमच्या शेतातल्या भाताच्या पहिल्या लोंब्या गावाबाहेरच्या एका कबरीवर ठेवायच्या, ही आमच्या घराची रीत. ती कबर आमच्याच एका पूर्वजाच्या भावाची. या गावात मुसलमान झालेला तो पहिला माणूस. वडील होते तोवर लोंब्या ते नेत. यंदा मी नेल्या.

त्याच्या वंशातले महमूदचाचा तिथला पाचोळा झाडत होते. मी चपला काढल्या आणि तसाच उभा राहिलो. हात जोडायचे, की चाचांसारखे तळवे उघडून धरायचे? एवढंही ठरवता येईना, याचा मला रागच आला.

मुसलमान झाला तेव्हा तोही असाच अडला असेल का? बंदरावर उतरणाऱ्या अरब व्यापाऱ्यांत त्याला काय सापडलं, हे कुणी सांगत नाही. पण पहिल्या दिवशी सवयीनं जुळू पाहणारे हात त्यानं कसे आवरले असतील? की आवरलेच नसतील? त्याच्या आईनं धर्म बदलला नाही. दर वर्षी बाकीच्या मुलांप्रमाणे त्याच्याही दारावर ती लोंब्या बांधायची. तो तिच्याआधी गेला, तेव्हा त्या इथं आणून ठेवू लागली. ठेवताना ती काय म्हणाली असेल, आणि कुणाला, मला कळत नाही.

“चाचा, इथं हात कसे धरायचे?” मी विचारलं.

“तुझे वडीलही हेच विचारायचे,” ते म्हणाले. “हातात लोंब्या आहेत तोवर कशाला विचार करतोस?”

म्हणून मी त्या बराच वेळ खाली ठेवल्याच नाहीत.