दादाचं धुराडं

फोन आला तेव्हा मी आठवीच्या वार्षिक परीक्षेवर सुपरव्हिजन करत होते. मोबाइल टेबलावर उलटा ठेवलेला होता. तो तीनदा थरथरला. चौथ्यांदा मी तो घेऊन व्हरांड्यात आले. पलीकडून वहिनी एवढंच म्हणाल्या, "शोभा, ये आता." आवाजात रडणं नव्हतं. नऊ दिवसांपासून आम्ही दोघी सावंगीच्या दवाखान्यात आयसीयूच्या दाराशी आळीपाळीनं बसत होतो, त्यामुळे त्या 'आता'चा अर्थ मला विचारावा लागला नाही. उरलेल्या पुरवण्या शेजारच्या वर्गातल्या बाईंच्या हाती दिल्या आणि ऑटोत बसले. पोचले तेव्हा वहिनी बाकावर एकट्याच बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर समोरच्या भिंतीकडे वळवली... त्या पाहण्यात दुःख होतं, पण नुसतं दुःख नव्हतं. दादाला जाऊन आज सव्वा महिना झाला. त्या एका नजरेमुळेच मी हे लिहायला बसले आहे.

रामदास हा माझा मोठा भाऊ. फौजेतल्या वर्कशॉपमध्ये तो वेल्डर होता. बावीस वर्षं नोकरी केली, आणि त्यातली सगळ्यात जास्त आठवणीतली चार वर्षं नागालँडातली. पेन्शनीवर आला तेव्हा नालवाडीत घर बांधलं, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. मुलगी लग्न होऊन अमरावतीला गेल्यावर घरात तो आणि पुष्पावहिनी दोघंच. दादा गोष्टीवेल्हाळ नव्हता, पण नागालँडचं एक स्वयंपाकघर तो पुन्हा पुन्हा सांगायचा. आठ आठ दिवस थांबत नाही असा पाऊस, हाडात शिरलेली थंडी, आणि एका म्हातारीच्या घरात चुलीवर टांगलेलं मांस, धुरानं काळं पडलेलं. "दारातून आत पाय टाकला ना शोभा, का तो वास अंगावर गोधडीसारखा येऊन पडे," असं तो म्हणायचा. आम्ही हसायचो. वहिनी नाक मुरडायच्या. इतकी वर्षं ती नुसती गोष्टच होती.

गेल्या दिवाळीनंतर त्यानं अचानक ठरवलं की तसं मांस आपण घरीच करायचं. परसात, सीताफळाच्या झाडापलीकडे, स्मोकर बांधायचा. विकतचं काहीही आणायचं नाही, सगळं भंगारातून. पुलगावच्या एका कबाड्याकडून त्यानं ड्रम आणला, आणि तो आणायला तीन चकरा मारल्या, कारण औषधाचा किंवा केमिकलचा ड्रम त्याला नको होता, खायच्या तेलाचाच पाहिजे होता. तो ड्रम त्यानं परसात उभा करून आत दिवसभर बाभळीचा जाळ केला आणि सगळा रंग जाळून टाकला. बोअरच्या जुन्या लोखंडी पाइपाचं धुराडं, सायकलीच्या स्पोकचे आकडे, मोडक्या गेटच्या बिजागऱ्या. विस्तव खाली एका बाजूच्या पेटीत, म्हणजे मांस भाजायचं नाही, नुसता धूर त्याच्यावरून फिरत राहायचा. कारंज्याकडच्या एका ओळखीच्या माणसानं संत्र्याची रोगट झाडं उपटली होती, त्यांची लाकडं टेम्पोत घालून आणली. गल्लीत त्या सगळ्या खटाटोपाचं नाव पडलं 'दादाचं धुराडं'. तेव्हा मी दर रविवारी जायची आणि त्याला काम करताना पाहायची. हात पूर्वीसारखेच होते, वेल्डिंगचा टाका तसाच सरळ. मात्र तो वरचेवर थांबायचा आणि विसरल्यासारखा हातातल्या वस्तूकडे बघत राहायचा. एकदा स्वयंपाकघरात तो दुधापाशीच बसला होता. दूध उतू गेलं, करपलं, घरभर वास सुटला, तरी हा पेपर वाचतोय. मी थट्टा केली, "दादा, म्हातारा झाला तू." तोही हसला. मी शाळेत विज्ञान शिकवते. ज्ञानेंद्रियांचा धडा दरवर्षी घेते... आणि मी थट्टा केली.

जानेवारीत विस्तवाच्या पेटीचं झाकण राहिलं होतं. त्या रविवारी मी गेले तर परसात दाट पांढरा धूर आणि त्या धुरात दादा. जुन्या कूलरचा पत्रा तो वेल्डिंगनं जोडत होता. फाटकापाशीच माझा घसा धरला, डोळ्यांना पाणी आलं. आणि मला आठवलं की हे ह्यानंच मला शिकवलंय. माझ्या घराचं ग्रिल बसवताना तो तिथल्या कारागिरावर ओरडला होता, "जी.आय.चा पत्रा तापला का पांढरा धूर निंगते. गोडसर वास येते त्याचा. तो वास आला का काम सोडाचं अन् पयाचं." कूलरचा पत्रा जी.आय.चाच, म्हणजे जस्त चढवलेला असतो, हे विदर्भात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी ओरडले, "दादा, पत्रा कोणता हाय पाह्य!" त्यानं तोंडावरची काच वर केली, पत्र्याकडे पाहिलं, चारी बाजूंच्या धुराकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. तो घाबरला होता. संध्याकाळी त्या धुरानं त्याला हुडहुडी भरून ताप आला, दुसऱ्या दिवशी उतरला. वहिनींनी धुरावर उतारा म्हणून गूळ खायला घातला. कूलरचा पत्रा त्यानं स्वतःच उचलून फेकला आणि दुसरं झाकण बिनजस्ताच्या काळ्या पत्र्याचं केलं.

फेब्रुवारीच्या शेवटी धुराडं पुरं झालं. दादानं दोन किलो मटण मीठ-हळद लावून आकड्यांना टांगलं आणि जेवायला मला बोलावलं. ऊन तापू लागलं होतं. विस्तव मंद, धूर पातळ, आणि मांस दीड दिवस आत. मी परसात पाऊल टाकलं आणि तिथेच थांबले. संत्र्याच्या लाकडाचा वास होता, पण त्याच्या खालून दुसरा एक येत होता, आंबूस, मेलेल्या उंदरासारखा. दादा दार उघडून उभा होता, हातात कापलेला तुकडा, चेहरा उजळलेला. "घे, पहिला घास तुहा."

"दादा... वास येऊन राह्यला."

"येईनच ना! संत्र्याचा हाय तो."

"तो नाई. मटण नासलं हाय."

त्यानं तुकडा नाकाशी नेला. लांब श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग सरळ तोंडाकडे नेऊ लागला, तेव्हा वहिनी धावल्या आणि त्यांनी त्याच्या हातावर फटका मारून तो खाली पाडला. दादा वहिनींवर कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशी त्यानं परात उचलून भिंतीवर मारली. मग पायरीवर बसला आणि खाली बघत म्हणाला, "मले दीड वर्षापासून कायचाच वास येत नाई."

"सांगितलं काऊन नाई?" वहिनींनी विचारलं.

"काय सांगू? वाटलं, येईन परत. मंग वाटलं, त्या धुरानं तरी नाक उघडंल..." म्हणजे हे सगळं त्यासाठी होतं. खाण्याची हौस नव्हतीच ती. एका माणसानं आपलं हरवलेलं नाक शोधायला लोखंडाचं यंत्र बांधलं होतं, आणि मी दर रविवारी तिथे बसून चहा पीत होते.

सावंगीला डोक्याचा स्कॅन झाला. कपाळामागे लिंबाएवढी गाठ निघाली, वासाच्या नसेवर बसलेली, कित्येक वर्षं हळूहळू वाढलेली. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करावं लागेल, वेळ घालवू नका. वहिनींनी तिथेच म्हटलं, उद्या भरती करा. दादानं मात्र तीन आठवडे मागितले. "एक डाव नीट जमू दे. मंग म्या स्वतः चालत येतो." वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, कारण तो माझं ऐकायचा. आणि मी... मी म्हटलं, "वहिनी, तीन आठवड्यांनी काय होते? त्याच्या मनासारखं होऊ द्या." वर्षानुवर्षं वाढलेली गाठ तीन आठवड्यांत असं काय करणार, असा माझा हिशोब होता. वहिनी त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलू लागल्या.

त्या तीन आठवड्यांत मी दादाचं नाक झाले. शब्द त्याचाच. शाळा सुटली की मी त्याच्याकडे जायची, तो विस्तव लावायचा आणि मी धुराड्यापाशी उभी राहून सांगायची. आता ओल्या सालीचा येतोय. आता कोरडा, पानपट्टीसारखा. आता चरबी तापली. तो वहीत वेळ लिहायचा, धुराची झडप बोटभर सारायचा, पुन्हा विचारायचा, "आता?" कधी डोळे मिटून नुसता ऐकायचा. कोंबडीचे तुकडे दोनदा छान जमले. पण त्याचा डावा हात अधूनमधून थरथरायचा, शब्द सापडेनासा व्हायचा, एकदा तर त्यानं मला आमच्या वारलेल्या आईच्या नावानं हाक मारली. मी ते वहिनींना सांगितलं नाही. त्यांनीही असलं काहीतरी पाहिलं असणारच, त्याही मला काही म्हणाल्या नाहीत. घरात तिघंही एकमेकांपासून लपवत होतो, आणि मागे परसात धूर चाललेला.

भरती बुधवारची ठरली. आदल्या रविवारी शेवटचं मटण लावलं. शुक्रवारी अवकाळी पाऊस येऊन गेला होता आणि संत्र्याची लाकडं आतून ओली राहिली होती. धूर पिवळट, जड निघाला. दुपारपर्यंत ड्रमच्या आतून डांबरासारखं काळं गळू लागलं. मांसावर तोच राप बसला होता. मी एक तुकडा चाखला आणि जीभ आखडली, इतकं कडू. दादा माझ्या तोंडाकडे बघत होता. "कसं?"

मी म्हटलं, "तू सांगत जाय ना, त्या म्हातारीच्या घरच्यासारखं... गोधडीसारखं." आणि मग थांबलेच नाही. सांगत सुटले, पावसाचं, चुलीचं, कधी न पाहिलेल्या त्या घराचं. त्यानं चार तुकडे खाल्ले. शेवटी म्हणाला, "बेस झालं. आता जाऊ दवाखान्यात."

मंगळवारी सकाळी मोरीत त्याला फिटचा झटका आला. ऑपरेशन त्याच दिवशी करावं लागलं. तो शुद्धीवर आलाच नाही. नंतर मी डॉक्टरांना एकटीनं गाठून विचारलं, तीन आठवडे आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, तसं सांगता येत नाही, फार फरक पडला नसता कदाचित. तो 'कदाचित' त्यांनी माझ्यासाठी जोडला की खरंच तसं होतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

तेरवी झाली. वहिनींचं मौन काही सुटलं नाही. गेल्या आठवड्यात कळलं की त्यांनी कबाड्याला बोलावलंय, धुराडं द्यायला. मी धावत गेले. कबाडी ड्रमला दोर बांधत होता. वहिनी पायरीवर बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या आयतवारी तू खोटं बोलली ना?"

मी कबाड्याच्या हातातल्या दोराकडे पाहिलं.

"मटण कडू जहर झालं होतं. म्या खाल्लं ना. त्यालेही समजलं होतं."

"पण त्याले वास..."

"नाक गेलं होतं त्याचं. जीभ कुठं गेली होती?"

हे मी मुलांना शिकवते. फळ्यावर जिभेचं चित्र काढून शिकवते. वास गेला तरी कडू कळतं.

वहिनी म्हणाल्या, "तू गेल्यावर त्यानं तीनदा चुळा भरल्या. म्या म्हटलं, मंग खाल्लं काऊन? तर म्हणे, तीन आठवडे थांबाले शोभानं हो म्हटलं होतं. उद्या मले काई झालं त जनमभर जीवाले लावून घेईन ते. तिले वाटू दे का माह्या मनासारखं झालं." बोलता बोलता त्यांचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "म्या तुह्यावर राग धरून बसली. अन् त्यानं मले सांगून ठेवलं होतं, तिच्यावर राग धरू नको म्हणून. मले तुले सांगवत नव्हतं व..."

कबाड्यानं विचारलं, "बाई, उचलू का?" वहिनींनी हातानंच नको म्हटलं. तो दोर सोडून निघून गेला. आम्ही दोघी त्या पायरीवर ऊन चढेपर्यंत बसून राहिलो.

धुराडं अजून तिथेच उभं आहे. आतला काळा राप वाळून टणक झालाय. दार उघडलं की अजूनही कडूच वास येतो. घासला तर निघेल तो, पण आम्ही दोघींनी त्याला हात लावलेला नाही.