फेरीकाका आणि पेटीची चार चाकं

गॅरेजमध्ये त्यांना सगळे फेरीकाका म्हणत. बंदिस्त ट्रेलर पिकअपला जोडला, आत गाडी चढवली, मागचं दार लावलं, की दुसरा कुणीही ड्रायव्हर किल्ली फिरवून चालू पडला असता. हे चालू पडत नसत. ते ट्रेलरभोवती तीन फेऱ्या मारत. पहिल्या फेरीत नुसतं बघायचं, दुसरीत प्रत्येक गोष्ट हाताने ओढून बघायची, आणि तिसरी कशाला असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "पहिल्या दोनमध्ये माझी काय चूक झाली ते बघायला." वेल्डर त्यावर दर वेळी हसायचा. वेल्डर कशावरही हसायचा, म्हणून काका ते मनावर घेत नसत.

गॅरेज जुन्या गाड्यांचं होतं. लोकांच्या आजोबांच्या, वडिलांच्या गाड्या तिथे यायच्या, महिनोन् महिने उघड्याबोडक्या पडून राहायच्या आणि नव्या नवरीसारख्या नटून परत जायच्या. अशी गाडी रस्त्यावरून चालवत नेली तर पहिल्याच खड्ड्यात खडा उडून रंगाचा टवका जाणार, म्हणून ती पेटीतून पोचवायची. पेटी म्हणजे तो ट्रेलर. चारही बाजूंनी बंद, चार चाकांचा, आणि आतून इतका अरुंद की गाडी आत घातल्यावर तिचं दार जेमतेम वीतभर उघडायचं. पूर्वी काका गाडी चालवत आत न्यायचे आणि खिडकीतून अंग काढून बाहेर यायचे. चार वर्षांपूर्वी एकदा कमरेपर्यंत आले आणि तिथेच अडकले. वेल्डरने ओढून काढलं आणि ती गोष्ट पुढे महिनाभर चहाबरोबर सगळ्यांना वाटली. तेव्हापासून काका गाडी दोराच्या यंत्राने ओढून आत घेत. वेळ दुप्पट लागायचा, पण इज्जत शाबूत राहायची.

सव्वीस वर्षांत त्यांनी एकच गोष्ट केली नव्हती, ती म्हणजे घाई. एकदाच, अगदी सुरुवातीला, त्यांनी गाडी पेटीत हातभर मागे बांधली होती. पुढचा भार हलका पडला आणि उतारावर पेटी शेपूट हलवायला लागली. घाबरून ब्रेक दाबला असता तर पेटी, पिकअप आणि स्वतः काका असे तिघेही दरीत गेले असते. त्यांनी फक्त पाय उचलला आणि पुढ्यातला पेटीच्या ब्रेकचा छोटा खटका हाताने हळू सरकवला. पेटी सरळ झाली. तीन फेऱ्या त्या दिवसापासूनच्या.

आणि प्रवासात थांबलं की चाकाच्या मधोमध हाताची मागची बाजू टेकवायची, पाच आकडे मोजायचे, पुढच्या चाकाकडे जायचं, हेही तेव्हापासूनचंच. चारही चाकं सारखी कोमट असली तर ठीक. एखादं जास्त तापलं असलं तर आत काहीतरी घासतंय, बेअरिंग तरी किंवा ब्रेक तरी. हे सगळं हाताला कळायचं. मालकांच्या मुलीने दोन वर्षांपूर्वी त्यांना ताप मोजायचं एक पिस्तूल आणून दिलं होतं. चाकावर रोखलं की आकडा दाखवायचं. काकांनी तिचे आभार मानले आणि ते पुढच्या कप्प्यात ठेवून दिलं. त्याच्या काचेवरची प्लास्टिकची झिल्लीसुद्धा अजून निघाली नव्हती.

आता काका एकोणसाठीला आले होते आणि थकले होते. नुसतं काम करून माणूस थकतो तसे नव्हे. लपवून लपवून थकले होते. साखर दहा वर्षांची जुनी, तिचं काही विशेष नव्हतं, गोळ्या चालू होत्या. पण गेल्या पावसाळ्यापासून पायांना आधी मुंग्या येऊ लागल्या, आणि मग मुंग्याही येईनाशा झाल्या. तळव्यांना जाड कापड गुंडाळून कुणीतरी चालायला लावलंय असं वाटायचं. डॉक्टरांना त्यांनी सांगितलं नाही, कारण डॉक्टर पहिला प्रश्न विचारणार होते तो त्यांना ठाऊक होता. गाडी चालवता का? चालवत होते म्हणजे, दुसरं काय करत होते आयुष्यभर? पेटी हातातून गेली तर गॅरेजमध्ये त्यांना खुर्ची मिळाली असती, मालक तसे भले होते. पण खुर्चीत बसून फेरीकाकांनी कुणाभोवती फेऱ्या मारायच्या?

बायकोला संशय आला तो चपलेवरून. एका संध्याकाळी काका घरी आले ते एकाच चपलेत.

"दुसरी कुठंय?" तिने दारातच विचारलं.

"तुटली. टाकून दिली."

दुसऱ्या दिवशी बाजारात जाताना तिला ती गल्लीच्या तोंडाशी दिसली. अंगठा शाबूत, पट्टा शाबूत. तुटलेली नव्हतीच, पायातून गळून पडली होती, आणि नवरा तसाच अनवाणी पायाने खडीवरून घरापर्यंत आला होता. तिने चप्पल पिशवीत घालून घरी आणली आणि जोडीला जोड लावून ठेवली. बायको शिवणकाम करायची. आधी सगळे तुकडे जमवायचे आणि मगच कात्री लावायची, ही तिची सवय. पुढच्या खेपेच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "मी येते बरोबर. ताईकडे जायचंय, वाटेतच आहे." ताई वाटेत नव्हती, चांगली तीस किलोमीटर बाजूला होती. काकांनी वाद घातला नाही. वाद घालायलाही अंगात काहीतरी लागतं.

त्या खेपेला पेटीत एका बाईंच्या वडिलांची आकाशी रंगाची गाडी होती. आठ महिने काम चाललेलं. काकांनी ती यंत्राने आत ओढली, इंजिनाची बाजू पुढे घेतली, चारही टायरांवरून पट्टे टाकून आवळले. पिकअपच्या मागच्या जोडाच्या गोळ्यावर पेटीचं कुलूप बसलं की नाही ते हिसका देऊन पाहिलं, साखळ्या फुलीसारख्या एकमेकींवरून घेतल्या, दिव्यांची वायर लावली. मग तीन फेऱ्या. बायको पिकअपच्या मागच्या सीटवर बसून हे बघत होती. इतक्या वर्षांत तिने त्यांचं काम असं जवळून कधी पाहिलं नव्हतं.

"घरात साधं गॅसचं बटण बघत नाहीत," ती वेल्डरला म्हणाली.

"घरात पट्टे नसतात ना, वहिनी," वेल्डर म्हणाला आणि स्वतःच हसला.

सपाट रस्ता सरला आणि घाट लागला. उतरताना काकांचा उजवा पाय ब्रेकवर होता. म्हणजे असावा. किती दाबला गेलाय ते हल्ली त्यांना कळत नसे. एकदा कमी दाबला जायचा, एकदा इतका की मागची पेटी हिसके खायची. म्हणून गेले काही महिने त्यांनी स्वतःपुरती एक युक्ती काढली होती. ब्रेकला पाय नुसता टेकवायचा आणि पुढ्यातला तो खटका हाताने सरकवून पेटीच्या ब्रेकवरच सगळं निभावून न्यायचं. हात तर आपला आहे, त्यांना वाटायचं. अडचणीत वापरायचा खटका त्यांनी रोजच्याला लावला होता. घाट तेरा किलोमीटरचा. मध्येच जळकट वास आला.

"कसला हो वास?" बायकोने विचारलं.

"पुढच्या ट्रकचा."

घाटाच्या पायथ्याशी चहाची टपरी होती. काका मोकळ्या जागेत थांबले, पेटीच्या चाकांना अडसर लावले आणि सवयीप्रमाणे पहिल्या चाकापाशी वाकले. हाताची मागची बाजू टेकवली. एक, दोन, तीन, चार, पाच. दुसरं. तिसरं. चौथं.

"थंड आहेत," ते म्हणाले आणि कंबर धरून उभे राहिले.

बायको मागे येऊन उभी होती. तिला काय वाटलं कोण जाणे. नवरा इतकं मन लावून काय चाचपतो ते बघावं, एवढंच असेल. तिने वाकून दोन बोटं चाकाच्या मध्यावर ठेवली आणि किंचाळली.

"अहो! भाजलं की मला! थंड कसले? तवा आहे तवा!"

काकांनी तिच्याकडे बघितलं, चाकाकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे. हाताची कातडी लाल झाली होती. त्यांनी परत हात पुढे केला तेव्हा तिने तो मनगटापाशी घट्ट धरला.

"नका लावू," ती म्हणाली. "काहीच कळलं नाही तुम्हाला?"

ते पुढे गेले, कप्पा उघडला, तळातलं पिस्तूल काढलं आणि नखाने झिल्ली सोलायला लागले. नख लागेना. शेवटी बायकोने सोलून दिली. पहिलं चाक एकशे बेचाळीस अंश. दुसरं एकशे अडतीस. बाकीची दोन त्याच घरातली. पन्नास-साठच्या वर काही जायला नको होतं. अजून तेवढाच एक उतार असता तर ब्रेक सुटले असते, नाहीतर ग्रीस पेटलं असतं. आणि आग पेटीच्या आत शिरल्याचं पिकअपमध्ये बसून कळलंसुद्धा नसतं.

बायकोने त्यांना टपरीच्या बाकावर बसवलं, बाटलीतलं पाणी त्यांच्या हातावर ओतलं. मग तिने तिचे तुकडे जुळवले.

"चप्पल तुटली नव्हती," ती म्हणाली.

"हो."

"घरी चहाचा पेला तुम्ही फडक्याशिवाय धरता. मी शेजारणीला कौतुकाने सांगायचे, आमच्यांचे हात बघा कसे राठ. मेलीला अक्कल नाही मला." तिने बाटलीचं झाकण लावलं. "आता ते पिस्तूल आहे ना. रोज त्याने बघायचं, झालं. हाताची काय गरज?"

काकांना ते पटावंसं फार वाटलं. क्षणभर त्यांनी पटवूनही घेतलं. पिस्तूल होतं, डोळे शाबूत होते, तीन फेऱ्या होत्या. पण एकाच वेळी चार चाकांची बेअरिंगं बिघडत नाहीत, हे त्यांना सव्वीस वर्षांनी शिकवलं होतं. पेटीत खोट नव्हती. पेटी तापली होती कारण ती एकटीच सगळ्यांना थांबवत होती, आणि ती एकटी पडली होती कारण त्यांच्या पायाला ब्रेक कळत नव्हता. चाकाचा ताप सांगणारं यंत्र आणता येतं. स्वतःचा पाय ब्रेकवर आहे की नाही हे सांगणारं यंत्र कुठून आणायचं?

"माझे पायच गेलेत गं," ते म्हणाले. "हात मागून गेला."

असं मोठ्याने ते पहिल्यांदाच बोलले. बायकोने डोळ्यांना पदर लावला नाही की रागावली नाही. ती बाकावर त्यांच्याकडे सरकून बसली. टपरीवाल्याने आणलेला पेला तिने आधी स्वतः धरून पाहिला, थोडा थांबली आणि मग त्यांच्या डाव्या हातात दिला.

अर्धा चहा झाल्यावर काकांनी मालकांना फोन लावला.

"मालक, दुसरा माणूस पाठवा."

"का? पेटी बिघडली का?"

"पेटी ठणठणीत आहे. मी बिघडलोय. पायाला ब्रेक लागत नाही. बरेच महिने झाले. तुम्हाला सांगितलं नाही, चुकलं माझं."

मालक म्हणाले, "बसा तिथेच. किल्लीला हात लावू नका," आणि फोन ठेवला. काकांना वाटलं होतं त्यापेक्षा हे लवकर आटोपलं. सव्वीस वर्षं एका फोनमध्ये संपली आणि चहा अजून कोमट होता. निदान बायको तसं म्हणाली.

वेल्डरला मोटारसायकलवरून यायला दोन तास लागले. तोवर काकांच्या हाताच्या मागच्या बाजूला पावलीएवढा फोड टरारला होता. तो दुखत नव्हता, बायको मात्र त्याच्याकडे बघून सारखी कळवळत होती. वेल्डरने फोड पाहिला, काकांचं तोंड पाहिलं, आणि या माणसाला पहिल्यांदाच काही हसण्यासारखं सापडलं नाही. मोटारसायकल टपरीमागे लावून त्याने किल्ली घेतली.

"पायाने ब्रेक लावायचा," काका म्हणाले. "खटका नुसता असू दे. पेटी हलायला लागली तरच. आणि पन्नास किलोमीटरवर पट्टे परत आवळ, ते सैल पडतात."

"माहीत आहे, काका."

"माहीत असतं सगळ्यांना."

काका दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. या बाजूने पिकअपमध्ये चढायला दांडी कुठे धरायची हेही त्यांना ठाऊक नव्हतं. बायको मागे बसली. वेल्डरने किल्ली घातली, फिरवायला गेला आणि थांबला. मग उतरला. काका आरशातून बघत राहिले. एक फेरी. दुसरी, हाताने ओढून बघत. तिसरी. तिसऱ्या फेरीत तो प्रत्येक चाकाशी वाकला आणि हाताची मागची बाजू टेकवली. काकांनी प्रत्येक वेळी ओठांतल्या ओठांत पाचपर्यंत मोजलं. वेल्डर तीनलाच हात उचलत होता.

"थंड आहेत," तो सीटवर बसत म्हणाला.

दोन तासांपूर्वी काकाही हेच म्हणाले होते, आणि तितक्याच खात्रीने. त्यांनी मान वळवून मागे बायकोकडे बघितलं. ती काही विचारायला थांबली नाही. दार उघडून खाली उतरली, भाजलेली बोटं मुठीत मिटून दुसऱ्या हाताने चारही चाकं एकेक करून पाहिली, आणि परत येऊन दार लावलं.

"आहेत थंड," ती म्हणाली.

"हं," काका वेल्डरला म्हणाले, "आता चल."