वीतभर पाणी

आज सोसायटीत कामगार पाण्याच्या टाकीला फायबरचा थर लावत होते. रेझिनचा तो उग्र वास आला आणि हातातली कामांची यादी तशीच राहिली.

तेवीस वर्षांची असताना फरीदाबादच्या घराच्या अंगणात मी प्लायवूडवर असंच रेझिन चढवून बोट बांधत होते. इंजिन जुन्या स्कूटरचं. बोटीखाली पंखा नव्हता. पंप तळातून पाणी ओढून मागे जोरात फेकणार होता, म्हणजे उथळ यमुनेत गाळात काही अडकायला नको. बाबांनी अट घातली, “वीतभर पाण्यात चालवून दाखव. नाहीतर सरळ कबाडीवाल्याला देऊ.”

वीत म्हणजे किती, ते दिल्लीकडे वाढलेल्या मला माहीत नव्हतं आणि बाबांना विचारायचं नव्हतं. मी चार बोटं धरली, बोटीच्या कामांच्या यादीत तसं लिहिलं आणि वजन कमी करत सुटले. सीटसुद्धा काढून टाकली, गुडघ्यांवर बसून चालवायचं ठरवलं.

नदीवर बाबा पँट दुमडून पाण्यात उभे होते. बोट वाळूवरच्या चार बोटं पाण्यावरून सरसरत गेली आणि वळून परत आली.

“एवढ्या कमी पाण्यात कशाला घातलीस?”

“तुम्हीच म्हणालात ना, वीतभर.”

त्यांनी अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली. “अगं, वीत ही एवढी असते.”

त्यांनी मला जमेल एवढंच मागितलं होतं, हे आता कळतं. तेव्हा मी म्हणाले, “मग तुमची अट फारच सोपी होती, बाबा,” आणि बोट पुन्हा तिथूनच नेली.