सोमवारची हाक

माझी सून हल्ली सकाळी कानात वायर घालून गच्चीवर बसते. मोबाईलमधली एक बाई तिला सांगत असते, श्वास आत, श्वास बाहेर. परवा मला म्हणाली, "आई, तुम्हीपण करून बघा. याला माइंडफुलनेस म्हणतात." मी म्हटलं, "बाई गं, यावरून मी एका भंतेंशी भांडून आलेय." तिला वाटलं, सासू थट्टा करते. थट्टा कसली! खरंच भांडले होते, तेही विहारात, चिखलाच्या पायांनी. आज सत्तरीला आलेय, तरी त्या माणसाची आठवण झाली की हात आपोआप जोडले जातात.

तेव्हा मी सतरा वर्षांची होते. नागपुरात पाचपावलीच्या अलीकडे आमची वस्ती होती. आईबाबांनी दीक्षा घेतली तेव्हा मी आईच्या कडेवर होते, म्हणजे देवादिकांची भानगड माझ्या वाट्याला कधी आलीच नाही. वस्तीतली निम्मी माणसं कापडाच्या मिलमध्ये. बाबा कार्डिंग खात्यात होते. तिथं यंत्रावर कापूस विंचरला जातो आणि बारीक तूस हवेत इतकी उडते की समोरचा माणूस धड दिसत नाही. बाबा घरी येत ते पांढऱ्या भुवया घेऊनच. लहानपणी आम्हाला त्याची मोठी गंमत वाटायची.

बाबांची एक सवय होती. पाळी संपली की गल्लीच्या कोपऱ्यावर, नळापाशी आल्याबरोबर ते हाक मारत, "पोरी, चहा मांड वं!" अख्ख्या गल्लीला कळे की आमच्याकडे चहा होणार. फक्त सोमवारी हाक येत नसे. सोमवारी नुसती कडी वाजे. बाबा आत येऊन भिंतीला टेकत आणि हातानंच पाणी मागत. आम्ही धरून चाललो होतो की सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी माणसाला कामाचा कंटाळा येतो. कोणी जास्त विचार केला नाही.

शेजारी एक मामा होते, बाबांच्याच खात्यातले. पंचेचाळिशी उलटली नव्हती, पण छाती पार गेलेली. दिवसभर दाराशी खाटेवर बसून असत. संडासला जायचं तर भिंत धरून, चार ठिकाणी थांबत. बाबा त्यांच्यासमोरून जाताना खाली बघत. मी दोघांकडेही बघायची. बाबांचं असं होऊ नये, एवढंच मला त्या वर्षी हवं होतं. माझी मॅट्रिक होती, पण पास-नापासाचं मला काहीही वाटत नव्हतं.

त्याच पावसाळ्यात वर्षावासासाठी, म्हणजे पावसाळाभर एकाच जागी राहायला, आमच्या विहारात एक भंते आले. मूळचे उमरेडकडचे, भिक्खूचं चीवर घेण्याआधी हातमागावर बसलेले. आमच्यासारखंच बोलत. रविवारी सकाळी वंदना झाली की ते सगळ्यांना अर्धा तास बसवून घेत. डोळे मिटा, नाकाशी लक्ष ठेवा, श्वास येतो-जातो तो नुसता पाहा, बास. वस्तीत कुजबुज सुरू झाली. देव सोडले ते काय डोळे मिटून बसायला? ही नवी बुवाबाजी तर नाही? माझंही मत तेच होतं. पण बाबांना ते बसणं आवडलं. एकही रविवार त्यांनी चुकवला नाही.

आणि त्या वर्षी सोमवार जास्तच वाईट जायला लागले. एका सोमवारी तर कडीसुद्धा वाजली नाही. मी दार उघडून पाहते तो बाबा पायरीवर बसलेले, खांदे वरखाली होताहेत, तोंडातून शब्द निघत नाही. समोरची बाई नळावरून ओरडली, "रविवारी श्वास धरून बसते, मंग सोमवारी दम नाई लागन त काय!"

झालं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हाताला कणीक लागलेली, तशीच तणतणत विहारात गेले. भंते सतरंजी झटकत होते. नमस्कार नाही, काही नाही. मी ओरडले, "भंते, तुमी माह्या बापाले मारून राहिले!"

त्यांनी सतरंजी खाली ठेवली. "काय झालं पोरी?"

"रविवारी तुमी त्याले श्वास पाहाले बसवता, अन् सोमवारी त्याले श्वास येत नाई. हेच का तुमचं ध्यान?"

"या पावसाळ्याच्या आधी त्याले सोमवारी श्वास येत होता?"

मला माहीतच नव्हतं.

"एकाच छपराखाली राहतेस ना?" ते रागावले नव्हते, पण सोडतही नव्हते. "घरी कोरी वही आहे? बापाचा श्वास रोज पाहा, अन् दिसन तेवढं लिही. खोकलला त खोकलला लिही. भंतेमुळं खोकलला असं लिहू नोको. ते तुह्या डोक्यातलं आहे, बापाच्या छातीतलं नाई. महिनाभर पाहा, मंग ये भांडाले."

घरी आल्यावर आईनं कपाळावर हात मारला. "भंतेले बोलून आली? तोंड आहे का तोफखाना वं तुवं?"

मी वही काढली ती भंतेंना खोटं पाडायला, हे कबूल करते. पहिल्याच दिवशी लिहिलं, 'रविवारच्या बसण्यामुळे अजून खोकला आहे.' मग भंतेंचे शब्द आठवले आणि निम्मं वाक्य खोडलं. उरलं, 'खोकला आहे.' एवढंसं वाक्य लिहायला मला केवढा त्रास झाला! राग आला की मन लगेच पुढचं सगळं बोलून टाकतं, हे मला त्या खोडलेल्या ओळीत पहिल्यांदा दिसलं.

पण पाहायला बसले आणि काय काय दिसू लागलं. मंगळवारी खोकला कमी, शुक्रवारी बाबा गल्लीतल्या पोरांवर डाफरताहेत, शनिवारी हसून हाक. सोमवारी पुन्हा कडी. आई सोमवारी न सांगता पाणी जास्त कढत तापवते आणि बाबांची उशी दोनदा दुमडते, हेही दिसलं. म्हणजे तिला ठाऊक होतं, कितीतरी वर्षांपासून! या घरात मी सतरा वर्षं जेवले-झोपले आणि आईचा हात काय करतो ते पाहिलं नव्हतं. मला फार लाज वाटली आणि तिच्याबद्दल इतकी माया दाटून आली की मी उगाचच तिच्या हातातली बादली ओढून घेतली. ती म्हणाली, "आज काय बिघडलं हिचं?"

मग मिलचा बॉयलर बिघडला. आठ दिवस मिल बंद. बाबा त्या आठवड्यात रोज विहारात जाऊन बसले, रविवारीही आणि सोमवारीही. वहीत रोज एकच ओळ, 'खोकला नाही.' सोमवारीसुद्धा! गुरुवारी मिल सुरू झाली आणि गुरुवारी संध्याकाळी कडी वाजली.

मी वहीकडे बघत राहिले. ध्यान रोज झालं होतं आणि दम लागला तो कामावर परत गेल्याच्या दिवशी. सुट्टीत छाती मोकळी होत होती आणि पहिल्याच दिवशी ती तूस तिच्यात पुन्हा भरत होती. शेजारच्या मामांना जाऊन विचारलं, "मामा, तुमचं सोमवारीच व्हायचं का?" ते कधीही विहारात बसले नव्हते. म्हणाले, "सोमवारीच व्हय. तुले कोनं सांगितलं?"

मी पाय धुऊन विहारात गेले. वही पुढे केली आणि म्हटलं, "चुकलं माझं, भंते." त्यांनी पानं उलटली, माझ्या पायांकडे पाहिलं आणि हसले. "आज पाय धुऊन आलीस. बरं झालं, मागच्या वेळचा चिखल मलेच पुसा लागला." मग वही परत दिली. "मले काहून दाखवतेस? बापाले दाखव. छाती त्याची आहे."

बाबा वही घेऊन मिलच्या दवाखान्यात गेले, मी सोबत. तिथले डॉक्टर आजवर बिडी सोडा म्हणायचे. बाबांनी बिडी कधीची सोडली होती. या वेळी बाबा नुसतं 'दम लागतो' म्हणाले नाहीत. पावसाळाभर बसून त्यांनी आपला श्वास पाहिला होता. ते हळूहळू सांगत गेले, "खात्यात शिरल्यावर लगेच नाई होत साहेब. दोनेक तासांनी सुरू होते. आधी इथं, बरगडीखाली आवळते. श्वास नाकातून जाते, पन खाली पोचत नाई. बाहेर जाताना जास्त अडते." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, वही ओढून घेतली आणि गुरुवारच्या पानावर बराच वेळ थांबले. मग चिठ्ठी लिहिली की या माणसाला कार्डिंगमधून काढून कापडाच्या गोदामात द्या.

चिठ्ठी या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. तोवर आश्विन पौर्णिमा झाली, वर्षावास संपला. भंते उमरेडच्या यष्टीत बसून गेले, तेव्हा काहीच ठरलं नव्हतं. मी स्टँडवर गेले होते. पुढचं त्यांना कळवायला माझ्याकडे पत्ता नव्हता, आणि ती चुटपुट अजून आहे.

बाबा गोदामात लागले ते दिवाळीनंतर. पहिला आठवडा मी वहीला हात लावला नाही, भीती वाटत होती. मग रविवार आला, बाबा सवयीनं विहारात जाऊन एकटेच बसून आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाळी सुटल्याचा मिलचा भोंगा झाला. आईनं पाणी तापत ठेवलं, उशी दुमडली. मी दाराशी कडी ऐकायला उभी राहिले.

"पोरी, चहा मांड वं!"

कोपऱ्यावरून. नळापासून. शेजारच्या मामांनी खाटेवरून मान वर केली. आई चुलीपासून उठून माझ्याजवळ आली आणि हळूच विचारलं, "आज सोमवारच आहे ना वं?"

मी मान डोलावली. चहा मांडला, वही काढली आणि दिसलं तेवढंच लिहिलं, 'सोमवार. हाक मारली.'